मामा म्हणायचं नाही

१६ मे १९९९, रविवार. सकाळी ७.
आज अधिक महिना लागला. चांगुणानं व्रत धरलं. महिनाभर जेवताना मौन. मी म्हणालो, उत्तम. घरात निदान दोन वेळा तरी शांतता राहील.
मीही धरलं. महिनाभर कुणालाही एकेरी बोलणार नाही. गडी असो, ड्रायव्हर असो, सगळ्यांना अहो-जाहो. यंदा विधानसभा लागणार असं सगळे म्हणायलेत. तिकीट मिळणारच आहे, तर आत्तापासून जिभेला वळण पाहिजे. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन बघायला गेलो होतो. गॅलरीत पाऊण तास बसलो. दोन आमदार एकमेकांच्या जिवावर उठले होते, पण तोंडात काय? 'सन्माननीय सदस्य.' समोरच्याकडं बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही, जे काय सांगायचं ते अध्यक्षांना सांगायचं. वा! तिथल्या एका कारकुनाच्या मागं लागून नियमांची पुस्तिका आणली. तेव्हापासून उशाशी आहे.

७.४०. म्हशीनं दुधाची बादली लाथाडली. तिला जे बोललो ते व्रतात धरायचं नाही. जनावर आहे.

१८ मे, मंगळवार.
पंचायत समितीची मासिक सभा.
आम्ही आठ सदस्य. पाच आमचे, तीन विरोधी. त्या तिघांत एक भारत, म्हणजे माझा सख्खा जावई. गीतांजलीचं लग्न लावलं तेव्हा हा कोणत्याच पक्षात नव्हता. खत-बियाणाचं दुकान होतं आणि चेहरा गरीब होता. दोन वर्षांनी शेजारच्या गणातून उभा राहिला. वर निवडून आला.
आज सभा भरात आलेली असताना पुन्हा उठतो आणि म्हणतो, मामा, तुमच्या गावच्या शाळेचं काय ठरलं?
मामा! भर सभागृहात! गटविकास अधिकारी समोर बसलेले! सासऱ्याला मामा म्हणतात हे मलाही कळतं. पण घरी. आमच्याच बाजूचा ज्ञानोबा मागून खुदकन हसला आणि म्हणाला, घ्या, भर सभेत मामा केला. मग सगळे हसले. चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा.
मी डोळे वटारले तसा भारत खाली बसला. एवढं एक बरं आहे, सासऱ्याचा धाक आहे. शाळेचं बघून घेऊ, असं मी शांतपणे म्हणालो. ज्ञानोबा म्हणतो की मी किंचाळलो. माझा आवाज मुळात भरदार आहे.

१९ मे.
शाळेचा विषय लिहून ठेवतो, पुढं कुणी विपर्यास करायला नको.
त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या गावच्या शाळेच्या चारी खोल्यांना तडे गेले. नंतर दोन खोल्यांना चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालून पक्क्या केल्या. दोन राहिल्या. पक्क्या दोन मी गुरुपादप्पा सरांच्या क्लासला दिल्या. तात्पुरत्या. दोन वर्षं झाली. सर उदगीरकडचे, लातूरला फिजिक्स शिकवून आलेले. आज गावोगावची पोरं लातूरला खोल्या करून, डबे लावून शिकायलीत. मी म्हटलं, पोरांनी लातूरला कशाला जायचं? लातूरच गावात आणतो. क्लासच्या बोर्डावर माझा फोटो आहे, खाली 'आमचे मार्गदर्शक'. मी लावा म्हणालो नव्हतो. फोटो फक्त दिला होता.
पहिली ते चौथीची लेकरं उरलेल्या दोन खोल्यांत बसतात. एका भिंतीला लाकडाचा टेकू आहे. टेकू मजबूत आहे. मी स्वतः बाहेरून पाहिला.
जेवताना चांगुणाला विचारलं, यात माझं काय चुकलं सांग. ती काही बोलली नाही. म्हणजे काही चुकलेलं नाही.

२१ मे, शुक्रवार.
लातूरला निघालो, विधानसभेच्या बायोडाट्यासाठी फोटो काढायला. जीप चालवणाऱ्या शिवलिंगला म्हणालो, अहो शिवलिंगराव, जरा सावकाश घ्या. त्यानं चाकूरच्या अलीकडं गाडी बाजूला लावली आणि रडवेला होऊन विचारतो, मालक, मला कामावरनं काढायलाव का?
मी समजावून सांगितलं. त्याला पटेना. तिसऱ्यांदा सांगताना आवाज चढला आणि शेवटी जे तोंडात आलं ते बोललो. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला आणि त्यानं गाडी चालू केली.
फोटोत भुवया आवळलेल्या आल्यात. फोटोग्राफर म्हणाला, हसा. मी म्हणालो, मी हसतोच आहे.

२३ मे, रविवार.
ठराव लिहिला. दिवसभर लागला. सभागृहात सदस्यांनी एकमेकांना 'सन्माननीय सदस्य' असंच म्हणायचं. मामा, काका, दाजी, भाऊ, वहिनी सगळं बंद. नाव घ्यायचं नाही. बोलायचं ते सभापतींकडं तोंड करून. आणि शेवटचं कलम, चौथं: कुणी असंसदीय शब्द वापरला आणि मागं घेतला नाही तर त्यानं उरलेल्या सभेपुरतं बाहेर जायचं. हे कलम खास भारतसाठी. एकदा बाहेर व्हरांड्यात उन्हात उभा राहिला की मामा विसरेल.
बायोडाट्यात एक ओळ वाढवली: 'तालुक्यात संसदीय शिस्तीचे प्रणेते.'

२७ मे, गुरुवार.
टंचाईची खास सभा होती. टँकरचा विषय संपायच्या आत मी ठराव मांडला.
सभापती साबेराबी आहेत. त्यांचं बांगड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं, तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात त्यांनी बघितलेत, चांगुणाचेही. ठराव वाचून म्हणाल्या, अर्जुनभाऊ, जरा सोचून घ्या. इथं सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. नातं मधी हाय म्हणून भांडण हद्दीत ऱ्हातंय. नातं काढलं तर लोक मोकळे होतील, मग तकलीफ तुम्हालाच होईल.
बाई भाबडी आहे. विधानसभा पाहिलेली नाही. मी म्हणालो, सभापती महोदया, मोकळे होण्यासाठीच तर नियम असतात. हे वाक्य उत्स्फूर्त होतं. बायोडाट्यात घालण्यासारखं आहे.
अनुमोदन कोण देतं म्हणून बघतोय तर भारत उठला. म्हणाला, मामांच्या, हां, चुकलो, सन्माननीय सदस्यांच्या ठरावाला माझं अनुमोदन. घाबरला! एकमतानं मंजूर. भजी आली होती म्हणून एकमत झालं असं ज्ञानोबा म्हणतो. ज्ञानोबाला राजकारण कळत नाही.

३१ मे, सोमवार.
भारतचं पत्र आलं. 'सन्माननीय सदस्य श्री. अर्जुनराव यांस, सभापती महोदयांमार्फत.' दोनदा वाचलं. काय फरक पडला बघा! पंधरा दिवसांत माणूस सुतासारखा सरळ झाला. खाली आठ तारखेच्या सभेत विचारायचे काही प्रश्न लिहिले होते. ते वाचले नाहीत. मायन्यातच सगळं आलं.

२ जून, बुधवार.
चांगुणानं धोंड्याचं जेवण ठरवलं, गुरुवारी, दहा तारखेला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवावंच लागतं, त्याला माझी ना नाही. पण म्हणते, पाय तुम्ही धुवायचे. मी म्हणालो, विरोधी सदस्याचे? ती म्हणाली, जावई म्हंजी नारायण असतो या महिन्यात. मी म्हणालो, हा नारायण मला सभेत प्रश्न विचारतो. तर म्हणते, मग उत्तर द्यावं की.
बायकांना संसदीय कामकाज कळत नाही. मी म्हणालो, तू मधे बोलू नको.
(एकेरी झालं. पण बायकोला अहो म्हणणार कोण?)

८ जून, मंगळवार. दुपारी १.
पंचायत समितीच्या समोरच्या हॉटेलात बसून लिहितोय. मी सभात्याग केला.
लोक काय वाटेल ते सांगतील म्हणून सगळं क्रमानं लिहितो.
प्रश्नोत्तरं लागली. भारत उठला. इस्त्रीचा शर्ट. तोंड सभापतींकडं. म्हणाला, सभापती महोदया, आपल्यामार्फत सन्माननीय सदस्यांना विचारू इच्छितो, चौदा तारखेला शाळा उघडणार, तेव्हा लहान लेकरं टेकूच्या भिंतीखालीच बसणार आहेत काय? मी डोळे वटारले. तो बघतच नव्हता. नियमच तसा आहे. मी खाकरलो. तरी नाही. पुढं म्हणाला, मार्च महिन्यात बोअरची गाडी रस्त्यानं गेली तेव्हा त्या भिंतीचा पोपडा एका पोरीच्या पाटीवर पडला, पाटी फुटली, हे सन्माननीय सदस्यांना ठाऊक आहे काय? भूकंपानंतर सन्माननीय सदस्य त्या खोलीच्या आत किती वेळा गेले? पक्क्या खोल्या खासगी क्लासला कुणाच्या अधिकारात दिल्या?
आवाज जरासुद्धा चढवला नाही. शब्द सगळे पुस्तिकेतले. दोन वर्षं हा माणूस 'मामा' म्हणून एक प्रश्न विचारायचा आणि माझ्या नजरेला नजर भिडली की खाली बसायचा. आज मी त्याचा कुणीच नव्हतो. आज तो बसेचना.
मग मी उठलो. म्हणालो, अरे भारत्या, माझ्या घरचं पुरण खातोस आणि मलाच पुसतोस? नमकहराम! हरामखोर!
एवढंच म्हणालो. कुणाचंही रक्त तापलं असतं.
साबेराबी म्हणाल्या, हा शब्द कामकाजातनं काढून टाका. गटविकास अधिकाऱ्यांनी विचारलं, मॅडम, कोणता? दोन आहेत. त्या म्हणाल्या, दोन्ही काढा. मग माझ्याकडं बघून, सन्माननीय सदस्यांनी शब्द मागं घ्यावेत. मी म्हणालो, घेत नाही, मी सासरा आहे त्याचा, माझा हक्क आहे. तर बाई म्हणतात, इथं कुणी कुणाचा सासरा न्हाई, अर्जुनभाऊ. ठराव तुमचाच हाय. कलम चार. मेहरबानी करून बाहेर जावा.
मी पुस्तिका टेबलावर आपटली आणि निघालो. म्हणजे सभात्याग.
व्हरांड्यात लई ऊन होतं. खिडकीतून आतलं दिसत होतं. क्लासच्या खोल्या चौदा तारखेच्या आत रिकाम्या करून शाळेला द्यायच्या आणि टेकूची खोली बंद करायची, असा ठराव आला. सात हात वर गेले. ज्ञानोबाचाही. नंतर बाहेर येऊन म्हणतो, काय करावं, तुम्ही आत नव्हता, तुमच्याकडं बघता येत नव्हतं.

२.३०. अजून हॉटेलातच. शिवलिंग पंक्चर काढायला गेला तो गेलाच. भारत मोटारसायकल घेऊन समोर आला. म्हणतो, मामा, ऊन लई हाय, घरी सोडू का?
आत सन्माननीय, बाहेर मामा. माणूस दुतोंडी आहे. मी म्हणालो, मला सवय आहे चालायची. (पुढचं रात्री घरी लिहितोय.) साडेचार किलोमीटर चाललो. घरी आल्यावर चांगुणानं पाणी दिलं. विचारलं काहीच नाही, जसं काही तिला सगळं आधीच कळलेलं.

९ जून.
पेपरात आलं. आतल्या पानावर, पण चौकटीत: 'जावयाच्या प्रश्नाने सासरे सभेबाहेर.' सभात्याग हा शब्द कुठंही नाही. बातमीदाराला फोन लावला आणि त्याला त्याची लायकी सांगितली. त्यानं विचारलं, हेही छापू का?
दुपारी गुरुपादप्पा सरांचा फोन. मला वाटलं धीर द्यायला केला. म्हणाले, एन माडोदु साहेब, काय करायचं, आता सामान लातूरलाच न्यावं लागतंय. बोर्ड काढलाय. तुमचा फोटो तेवढा घेऊन जावा. फ्रेम आमची हाय, ती ठेवून घेतो.
चार जणांसमोर सांगतो, असा कृतघ्न माणूस पाहिला नाही. चार जण नव्हते. म्हशीसमोर सांगितलं.

१० जून, गुरुवार. संध्याकाळी ५.
ते येणार नाहीत अशी मला खात्री होती. येऊ नयेत अशी तयारीही ठेवली होती, म्हणजे दार पुढं लोटून बसलो होतो. साडेअकराला गीतांजलीनं ते ढकललं. मागं भारत, हातात आंब्यांची पेटी. वाकून नमस्कार केला. मामा, तब्येत बरी हाय ना?
चांगुणानं तांब्या माझ्या हातात दिला. गीतांजली बघत होती. मी पाय धुतले. डावा जरा घाईत धुतला. कुंकू लावलं, दिवा ओवाळला. तो अवघडून म्हणाला, मामा, राहू द्या. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.
पानावर बसलो. पुरणाचे धोंडे, वर तूप. मी ठरवलं होतं गप्प राहायचं. पण तो चवीनं खाऊ लागला आणि मला राहवेना. म्हणालो, शाळेच्या आतल्या गोष्टी तुला कोण पुरवतं, एवढं सांग. पाटी फुटली, पोपडा पडला. माझ्या गावात तुझा हेर कोण? नाव सांग, त्याला बघतो.
भारतनं घास खाली ठेवला.
मी सांगितलं, असं चांगुणा म्हणाली.
ती जेवत होती. महिनाभराचं मौन होतं तिचं. पंचवीस दिवस पाळलेलं.
म्हणाली, मी सांगितलं त्याला. तुम्हाला दोन वर्षं सांगायले. दर वेळी तुम्ही म्हणता, मधी बोलू नको. मग कुणाला सांगायचं? तो सभेत असतो म्हणून त्याला सांगितलं.
मी म्हणालो, घरातली गोष्ट तू विरोधी बाजूला दिलीस?
ती म्हणाली, ही घरातली गोष्ट हाय का? माझ्या भावाची जगदेवी भूकंपात गेली. तिसरीत होती. झोपेत घरची भिंत पडली तिच्यावर. त्या भिंतीला सहा महिने आधीपासनं टेकू होता. भाऊ रोज म्हणायचा, टेकू मजबूत हाय.
आवाज चढवला नाही. सगळ्यांच्या पानात तूप वाढलं आणि परत जेवायला बसली. गीतांजलीनं पदरानं डोळे पुसले. तिला माहीत होतं. भारतला माहीत होतं.
जगदेवी गेली हे मलाही माहीत होतं. मी गेलो होतो तिकडं, ट्रकभर कांबळी घेऊन. टेकूचं माहीत नव्हतं. कधी विचारलं न्हाई तुम्ही, असं चांगुणा म्हणते. विचारलं असेल. आठवत नाही.
मी पान पुढं ओढलं. धोंडे चार खाल्ले.

११ जून.
राग आहे. कुणावर ते ठरेना. शिवलिंगवर काढून पाहिला. त्याला बरं वाटलं, मला नाही.

१२ जून.
बायोडाटा पाठवला होता, पण मुंबईहून, पक्षाच्या कार्यालयातून, काही निरोप नाही. पोचला का म्हणून फोन केला. पलीकडून म्हणाले, कोण अर्जुनराव?
फोन ठेवून दिला. तिथले लोक नवीन असतील.

१३ जून, रविवार.
सकाळी हेडमास्तरांकडून किल्ली आणली आणि टेकूच्या खोलीत गेलो. आत जायची ही पहिलीच वेळ. भूकंपानंतरची म्हणतोय. खोली लहान आहे. बाहेरून मोठी वाटते. तडा खिडकीपासून खाली जमिनीपर्यंत आलाय. खालच्या बाजूला लेकरांनी त्याच्या दोन्ही कडेला खडूनं मासे काढलेत, त्यांना ती नदी वाटली असणार. मी हात घालून पाहिला. मनगटापर्यंत गेला.
काढताना घड्याळ अडकलं. जोर लावायची भीती वाटली. भिंतीला लागेल म्हणून. बराच वेळ तसाच उभा राहिलो. शेवटी घड्याळाचा पट्टा सोडून हात काढला.
घरी चांगुणानं विचारलं, घड्याळ कुठं हाय? मी म्हणालो, भिंतीत. ती हसली. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा हसली. हसण्यासारखं काय होतं?

१४ जून, सोमवार. दुपारी.
शाळा उघडली. मी सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून नारळ घेऊन गेलो. ठराव कुणाचाही असो, गाव माझं आहे. पाच मिनिटांचं भाषण तयार होतं. हेडमास्तरांनी नारळ माझ्या हातातून घेतला, वा म्हणाले आणि चांगुणाच्या हातात दिला. तिनं पक्क्या खोलीच्या उंबऱ्यावर फोडला. एका फटक्यात. मी तिची पिशवी धरून उभा होतो.
भाषणाचं कुणी काढलं नाही. मी दोनदा खाकरलो.
लेकरं आत बसली, गावकरी मागं बसले. खुर्च्या नव्हत्या, मीही जमिनीवर बसलो. मग हेडमास्तर म्हणाले, ग्राम शिक्षण समितीवर एक जागा रिकामी आहे, नाव सुचवा. मी मान जरा खाली घातली, नाव पुकारल्यावर एकदम वर करता यावी म्हणून. पाठीमागून कुणीतरी बाई म्हणाली, चांगुणाबाई. लगेच दुसऱ्या चार म्हणाल्या, चांगुणाबाई.
हेडमास्तर म्हणाले, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.
मी चांगुणाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. भिंतीकडं बघत होती, काँक्रीटच्या पट्ट्याकडं, बोटानं काहीतरी मोजत होती.
मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी केला, हे इथं नोंदवून ठेवतो. अनुमोदनही मीच देणार होतो. पण त्यासाठी उभं राहावं लागतं, आणि मांडी घातल्यावर मला आधाराशिवाय उठता येत नाही.